तेंडोलकरांच्या कॉकपिटमध्ये कोण बसलं

शारजात, अल नहदाच्या कुठल्याही मराठी घरात जाऊन "सदानंद तेंडोलकर कुठे राहतात हो?" असं विचारलंत, तर उत्तराच्या आधी समोरचा माणूस गालातल्या गालात हसायचा. मग म्हणायचा, "कोण, विंग कमांडर? चौदावा मजला. पण आज शनिवार, आज ते घरी नाही सापडायचे. विमानात असतील." आणि जरा थांबून, आवाज खाली आणून, "म्हणजे विमानात नाही हो. विमानाच्या बाजूला."

तर तेंडोलकर विंग कमांडर नव्हते हे आधी सांगून टाकलेलं बरं. दुबईतल्या एका एसी कंपनीत ते सीनियर एस्टिमेटर. इमारतीचा नकाशा समोर पसरायचा, तिच्या पोटातून हवेचा पत्र्याचा डक्ट किती मीटर जाईल, वळणं किती लागतील याचा हिशेब मांडायचा आणि वर दहा टक्के वेस्टेज धरायचं, हे त्यांचं काम. सवय इतकी मुरलेली की बायकोने श्रीखंडासाठी चक्का आणायला सांगितला तरी ते दहा टक्के वेस्टेज धरून आणत. ते वेस्टेज पुढे कुठे जाई, हे त्यांच्या शर्टाच्या खालच्या दोन बटणांना विचारावं.

माणूस दिसायला भारदस्त. खुर्चीत बसलेला असला की कोणीही म्हणेल, सहा फूट सहज असणार. मग ते उठून उभे राहत, आणि बघणाऱ्याला काही क्षण कळतच नसे की हे उठले की अजून उठायचे आहेत. देवाने तेंडोलकरांना घडवताना कमरेपर्यंत सढळ हाताने काम केलं आणि खाली आल्यावर त्याला एकदम घाई झाली.

या घाईनेच सगळा घोळ केला. विशी ओलांडताना मुलुंडच्या सदानंदाने हवाई दलात वैमानिक व्हायचं मनावर घेतलं होतं. लेखी परीक्षेत पास. मुलाखतीत पास. गटचर्चेत तर इतका पास की बाकीच्यांना बोलायलाच मिळालं नाही. शेवटी बेंगळुरूला मेडिकल. तिथे एका डॉक्टरांनी त्याला भिंतीला पाठ टेकवून जमिनीवर बसवलं, पाय लांब करायला लावले, मोजपट्टी धरली आणि म्हणाले, "नेक्स्ट." पाय आखूड. किती, तर दोन बोटं.

आता डोळे अधू निघाले असते तर माणसाला चारचौघांत सांगता आलं असतं. कानात दोष असता तरी चाललं असतं. पण पाय आखूड? तेंडोलकरांनी त्याला "टेक्निकल रीझन" असं नाव दिलं. "एअर फोर्समध्ये सिलेक्शन झालंच होतं, पण टेक्निकल रीझनमुळे राहिलं," असं ते सांगत आणि लगेच विषय बदलत. बघायच्या कार्यक्रमात छायाताईंनाही टेक्निकल रीझनच सांगितलं होतं. लग्नानंतर नवऱ्याची पहिली पँट अल्टरला टाकली आणि शिंप्याने कापून उरलेलं कापड परत दिलं, तेव्हा ते टेक्निकल रीझन छायाताईंच्या हातात आलं. त्या बोलल्या काही नाहीत. डेंटल क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसणारी बाई. लोकांनी तोंड उघडलं तरी आपण कधी मिटून ठेवायचं, हे त्यांना चांगलं कळत होतं.

आखातात वीसेक वर्षं काढली की पन्नाशीच्या सुमाराला पुरुषाला काहीतरी होतंच. कोणी कर्जतला प्लॉट घेऊन त्याचे फोटो दाखवत फिरतो. कोणी महागडी सायकल आणून अल कुद्राच्या वाळवंटातल्या सायकल ट्रॅकवर जातो आणि टॅक्सीत सायकल घालून परत येतो. कोणी बासरी शिकतो, आणि मग शेजारचे फ्लॅट बदलतात. तेंडोलकरांना विमान झालं.

झालं असं की कंपनीचे जुने चिलर भंगारात काढायचे होते, म्हणून ते शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात मोहिद्दीनभाईंच्या यार्डात गेले होते. तिथे बसच्या सांगाड्यामागे, टायरांच्या ढिगावर नाक टेकून ते पडलेलं होतं. विमानाचं नुसतं तोंड. पंख नाहीत, शेपूट नाही, इंजिन नाही; नाकाचं टोक, वैमानिकाची बसायची जागा आणि वर धुळीने आंधळी झालेली काच.

"ये क्या है?" तेंडोलकरांचा आवाज बदलला होता.

"जहाज का मुंडी है, साब."

"कौन सा जहाज?"

मोहिद्दीनभाईंनी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघितलं. तिथे सगळं लिहिलेलं होतं. "आपको कौन सा चाहिए?"

आठ हजार दिरहॅमला सौदा ठरला. घरी सांगितल्यावर छायाताई डाळीला फोडणी देतादेता म्हणाल्या, "म्हणजे एक लाख चौऱ्याऐंशी हजार," आणि कढीपत्ता जरा जोरातच टाकला. सतरा वर्षांची ओवी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "बाबा, यू बॉट अ हेड? जस्ट द हेड?"

"कॉकपिट म्हणतात त्याला."

"वेअर इज द रेस्ट?"

"रेस्टची गरज नसते," तेंडोलकर म्हणाले. "वैमानिक डोक्यातच बसतो."

हे मुंडकं चौदाव्या मजल्यावर न्यायचं नाही, एवढंच छायाताईंनी ठरवलं. म्हणून ते दुबईत, अल क्वोजला नागेश सातोसकरच्या गोदामात गेलं. नागेश प्रदर्शनांचे स्टॉल बांधून देणारा, लग्नांची मखरं करणारा, मालवणकडचा गडी. त्याच्या गोदामात एका बाजूला थर्माकोलचा राजवाडा, दुसऱ्या बाजूला कुठल्याशा बँकेच्या स्टॉलचा काउंटर, आणि मधल्या कोपऱ्यात विमान. गोदामाला एसी नव्हता. सबंध दुबईला गार हवा पुरवायचे आकडे काढणारा माणूस दर शनिवारी तिथे बनियनवर घाम पुसत उभा असे.

आणि काम मात्र त्यांनी केलं, हे मान्य करायलाच हवं. रंगाचे थर खरवडता खरवडता खाली मूळचा हिरवट-निळा रंग लागला, तेव्हा त्यांनी ऑफिसात अर्धी रजा टाकली. ते विमान लढाऊ नव्हतं, नव्या वैमानिकांना शिकवायचं लष्करी ट्रेनर जेट होतं, पूर्व युरोपात कुठेतरी बनलेलं, पन्नासेक वर्षांपूर्वीचं. हे कळल्यावर त्यांनी ती माहिती दोनदा तपासून पाहिली. मग म्हणाले, "शिकवणाऱ्यालाच खरं उडवता यायला लागतं." उंची दाखवणारं घड्याळ एका देशातून मागवलं, वेग दाखवणारं दुसऱ्या. आतल्या रशियन पाट्या मोबाइलला दाखवून एकेक शब्द लावला. जगभरात अशी मुंडकी घेऊन बसलेले पुरुष आहेत आणि त्यांचा ऑनलाइन ग्रुपही आहे; त्यात आतल्या रंगाच्या छटेवरून एका झेक गृहस्थाशी त्यांचं कित्येक आठवडे भांडण चाललं. घरच्या बेडरूमला कोणता रंग द्यायचा हे छायाताईंनी विचारलं तेव्हा याच तेंडोलकरांनी "काहीही दे गं" म्हटलं होतं. वरची काच त्यांनी छायाताईंच्या क्लिनिकातून आणलेल्या, दात चकचकीत करायच्या पेस्टने घासली. महिन्याभराने तिच्यातून पलीकडचं दिसू लागलं, आणि क्लिनिकचे डॉक्टर विचारू लागले की इतकी पेस्ट कोणाच्या दातांना लागते.

दर शनिवारी "कॉकपिट अपडेट" या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो येत. अर्ध्या मराठी शारजाने तो ग्रुप म्यूट केला होता, पण सोडला कोणी नव्हता. कारण सगळ्यांना एकच फोटो बघायचा होता आणि तो येत नव्हता. तेंडोलकर आत बसल्याचा.

नागेश पहिल्याच दिवशी आत बसून वडापाव खाऊन आला होता. नंतर ज्याला त्याला तिथे बसून फोटो काढून झाले. ओवीच्या मैत्रिणी बसल्या. नागेशकडचं भंगार न्यायला आलेला मोहिद्दीनभाईंचा ड्रायव्हर बसला आणि डुलकीही काढून गेला. तेंडोलकर प्रत्येकाला शिडी धरून वर चढवत, पट्टे लावून देत, आणि स्वतः खाली उभे राहत.

"तुम्ही कधी बसणार?" कोणी विचारलं की उत्तर तयार. "पूर्ण झाल्याशिवाय नाही. एक गेज यायचंय." गेज आलं. मग पट्ट्यांची बक्कल चुकीची निघाली. मग थ्रॉटलच्या दांड्याची मूठ. मग मुठीवरच्या बटणाचा लाल रंग, जो म्हणे जास्तच लाल होता.

पायाशी दोन पेडलं होती, विमान डावी-उजवीकडे वळवायची. त्यांना चक्री असते, वैमानिकाच्या उंचीप्रमाणे मागेपुढे करायला. विमान आणल्याच्या आठवड्यात, नागेश जेवायला बाहेर गेलेला असताना, तेंडोलकरांनी ती चक्री फिरवून पेडलं जितकी जवळ येतील तितकी जवळ आणली होती. "ही स्टँडर्ड पोझिशन," ते नंतर म्हणाले. कोणी विचारलेलं नसताना म्हणाले. आणि सीटच्या पाठीपासून पेडलापर्यंतचं अंतर? आयुष्यभर दुसऱ्यांच्या छतांमधली लांबी मोजणाऱ्या या माणसाने कॉकपिटमधला प्रत्येक रिव्हेट मोजला, ते एक अंतर सोडून. टेप खिशातच असायची.

अशी तीन वर्षं गेली. आणि मग उर्मिला खानविलकरांचा फोन आला.

उर्मिलाताई तिथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष. त्यांनी फोन केला की समोरच्याने पेन घेऊन बसायचं असतं. "सदानंद, यंदा गणपतीला देखावा तुमचा. विमान हॉलमध्ये आणायचं. पडदा सरकणार, तुम्ही आत बसलेले, अंगात वैमानिकाचा पोशाख. काच उघडून तुम्ही सगळ्यांना सॅल्यूट करणार. मग दोन्ही पायांनी पेडल मारून मुलांना दाखवायचं, विमान कसं वळतं ते."

"पायांनी?" तेंडोलकर म्हणाले.

"मग काय हातांनी?"

त्या रात्री त्यांना पिठलं गेलं नाही. छायाताईंनी वाढलेलं ताट तसंच उचललं आणि म्हणाल्या, "अहो, पाय बाहेरून दिसत नाहीत. कोणाला कळणारे?"

"मला कळेल ना," असं तेंडोलकर बोलून गेले, आणि मग पुढे घाईघाईने, "म्हणजे, तो पोशाख ऑथेंटिक मिळणार नाही, हे मला कळेल."

दोन दिवसांनी मात्र ते हसत घरी आले. वाट सापडली होती, आणि अशी सापडली होती की तिला बोट लावायची कोणाची हिंमत झाली नसती. त्यांनी उर्मिलाताईंना सांगितलं, "मी कोण बसणारा? तीन वर्षं मी कोणासाठी राबलो? पहिला मान बाप्पाचा. वैमानिकाच्या जागेवर बाप्पा बसू देत." उर्मिलाताईंचा आवाज भरून आला. मंडळाच्या बैठकीत टाळ्या वाजल्या. छायाताई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या नवऱ्याकडे बघत होत्या, क्लिनिकात "दात दुखत नाहीये, नुसता दाखवायला आलोय" म्हणणाऱ्या पेशंटकडे बघतात तशा.

"मग नंतर तरी बसणार ना?" घरी परतताना नॅशनल पेंट्सच्या चौकातल्या रोजच्या ट्रॅफिक जॅममध्ये अडकल्यावर त्यांनी विचारलं.

"छाया, काहीतरीच काय," तेंडोलकर सुटकेच्या आनंदात म्हणाले. "एकदा बाप्पा जिथे बसला तिथे माणसाने कसं बसायचं?"

देखावा गाजला. शाडूची सुबक मूर्ती, गळ्यात छोटासा गॉगल लटकवलेला, पाठीला सीटचे पट्टे. पाच दिवस हॉलमध्ये ही रांग. पाचव्या दिवशी उत्तरपूजा झाली, हॉलमागच्या पिंपात विसर्जन झालं, आणि विमान नागेशच्या ट्रकवरून अल क्वोजला परतलं. सीट मोकळी दिसायला नको म्हणून उर्मिलाताईंनी तिच्यावर बाप्पाचा फ्रेम केलेला फोटो आणि एक लाल कापड ठेवून दिलं.

इथे तेंडोलकरांचा हिशेब चुकला. त्यांनी वेस्टेज धरलं नव्हतं.

दुसऱ्याच शनिवारी शारजाहून एक जोडपं आलं. मुलाला पायलट ट्रेनिंगला घालायचं होतं, त्याचा अर्ज फोटोपुढे ठेवला. मुलाला प्रवेश मिळाला. मग दुबईतल्या इंटरनॅशनल सिटीहून तिघे आले, गावी जाण्याआधी. बॅग तीसच्या जागी छत्तीस किलो भरली होती. त्यांनी बॅग विमानाला टेकवली, नमस्कार केला, आणि विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने म्हणे काट्याकडे पाहिलंच नाही. बस्स. असल्या बातमीला आखातात पाय लागत नाहीत, चाकं लागतात. दर शनिवारी अल क्वोजच्या गोदामात ट्रॉली बॅगांची रांग. लोणच्याच्या बरण्या, बदाम, अत्तरं, गावच्या वहिनीचा मिक्सर, सगळं विमानाच्या नाकाला टेकवून पुढे जाऊ लागलं. कोणी नाकाला हळद-कुंकू लावलं. झेक गृहस्थाशी भांडून मिळवलेल्या छटेवर.

तेंडोलकर स्क्रू ड्रायव्हर घेऊन पुढे झाले तर एका काकूंनी दरडावलं, "अहो, चपला!"

"हे माझं विमान आहे."

"असू दे. चपला काढा."

त्यांनी चपला काढल्या. पुढचे काही शनिवार ते स्वतःच्या विमानाच्या बाजूला अनवाणी, हातावर प्रसादाची साखर घेऊन उभे होते. आणि गंमत बघा, आता ज्यांच्यामुळे बसायचं टळलं होतं, त्या बाप्पाच्या फोटोकडे बघून त्यांना पहिल्यांदाच मनापासून वाटू लागलं, की बसायला हवं. दुसऱ्या कोणाच्या काचेतून नाही, याच काचेतून, आतून, एकदा बाहेर बघायला हवं.

स्फोट नागेशने केला. "सदाभाऊ, खलास! माझ्या गोदामाचं लायसन स्टॉल बांधायचं आहे. बाहेर पन्नास जोड चपला बघून वॉचमन विचारतोय, अंदर क्या चल रहा है. विनापरवाना असलं काही चालवल्याबद्दल माझा व्हिसा गेला तर बॅग काय, मी पण टेकवून घेईन स्वतःला. ऐका. हे पुन्हा विमान झालं पाहिजे. आणि ते एकाच गोष्टीने होईल. सगळ्यांच्या देखत माणूस आत बसला पाहिजे. येत्या शनिवारी तुम्ही बसा, नाहीतर रविवारी मी मोहिद्दीनभाईला ट्रक घेऊन बोलावतो."

"पण बाप्पाच्या जागेवर..."

"ते उर्मिलाताईंना विचारलंय मी."

उर्मिलाताईंनी पुण्यातल्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला होता. गुरुजी बनियनवर दाढी करत होते. "उत्तरपूजा झाली ना? मग आसन मोकळं," ते गालावरचा साबण पुसत म्हणाले. "गणपती उठल्यावर त्याच चौरंगावर तुम्ही कपड्यांचा ढीग ठेवता की नाही? बसा खुशाल." तेंडोलकरांची इतक्या भक्तिभावाने उभारलेली भिंत एका वाक्यात आडवी झाली.

शनिवारी सकाळी गोदामात जत्रा. छायाताईंनी पोह्यांचं मोठं पातेलं आणलं होतं. ग्रुपवरची सगळी म्यूट मंडळी हजर. उर्मिलाताईंनी फोटो आणि लाल कापड उचलून कपाळाला लावलं, पिशवीत ठेवलं आणि म्हणाल्या, "या सदानंद."

तेंडोलकर शिडीवर चढले. एक पाय आत टाकला, मग दुसरा. खाली बसले. नागेशने पट्टे आवळले. बाहेरून त्यांचं कमरेपासून वरचं रूप दिसत होतं, आणि खोटं कशाला बोला, काय दिसत होते! रुंद खांदे, ताठ मान, काचेच्या कमानीखाली भरदार डोकं. कोणीतरी टाळी वाजवली. पाच-सहा मोबाइल वर झाले.

तेंडोलकरांनी पाठ सीटला टेकवली. पाय लांब केले.

पेडल लागलं नाही.

त्यांनी पंजा ताणला. अंगठा ताणला. बुटाचं टोक हवेत. मध्ये अंतर राहिलं, आणि ते किती आहे हे टेपशिवाय त्यांना कळलं. दोन बोटं. जेवढं त्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढंच. इतक्या वर्षांत ना एक बोट कमी, ना एक जास्त.

"मारा पेडल!" खालून कोणी ओरडलं.

तेंडोलकर हलेनात. नाटक करणं सोपं होतं. खांदे थोडे हलवले असते तर सगळ्यांनी मानलं असतं. त्यांनी खांदे हलवलेही. मग थांबले. मग दोन्ही हात कॉकपिटच्या काठावर ठेवून, घसा साफ करून, ऑफिसात टेंडर हरल्याचं सांगतात त्या आवाजात म्हणाले, "मला एक सांगायचंय. हवाई दलात माझं झालं नाही, त्याला टेक्निकल रीझन वगैरे काही नव्हतं. मेडिकलला नापास केलं. पाय आखूड आहेत म्हणून. आणि आत्ता कळलं, ते डॉक्टर बरोबर होते. पोचत नाहीत."

लोक एकमेकांकडे बघू लागले. शेवटी नागेश म्हणाला, "सदाभाऊ, हे तर आम्हाला माहितीये."

"काय माहितीये?"

"पायांचं. तुम्हीच सांगितलंत ना, फुजैराच्या पिकनिकला, तिसऱ्या ग्लासानंतर. रडला होतात. सगळ्यांना वाळूत बसवून पाय मोजले होतेत."

"सगळ्यांचे?"

"माझेसुद्धा," उर्मिलाताई म्हणाल्या. "माझे पास झाले."

तेंडोलकरांनी बायकोकडे पाहिलं. छायाताईंनी मान डोलावली. म्हणजे दहा-बारा वर्षं अख्ख्या मराठी शारजाला ठाऊक होतं, आणि तेवढी वर्षं तेंडोलकर प्रत्येक पार्टीत विषय बदलत होते, आणि लोक त्यांना तो बदलू देत होते. विंग कमांडर हे नाव कुठून आलं असेल, हेही त्यांच्या डोक्यात आत्ता शिरलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, आणि मग त्यावर काय चाललंय हे कोणाला लागेना.

पण मंडळींना आता चेहऱ्यात रस नव्हता. त्यांना पाय बघायचे होते. मागच्या शनिवारपर्यंत ज्या विमानाला चपला काढून नमस्कार करत होती तीच माणसं आता काठावर लोंबकळून आत डोकावत होती. चपला घालून. "टाच उचला." "बूट जाड तळव्याचा घ्या." "उशी लावा पाठीला." "अहो, पाठीला उशी, म्हणजे पुढे सरकतील!" "पाटाचे ठोकळे बसवू या पेडलाला, नागेश, आहेत ना लाकडं?" "ठोकळे नकोत, ऑथेंटिक राहत नाही," हे कोण म्हणालं बघितलं तर चपला काढायला लावणाऱ्या काकू. ओवीसुद्धा शिडीवर चढून आली. "बाबा, जस्ट पुट अ पिलो ना. हू केअर्स."

"सरा जरा," छायाताई म्हणाल्या.

हातातला पोह्यांचा चमचा घेऊनच त्या शिडीच्या दुसऱ्या पायरीवर आल्या. आत वाकून पाहिलं. नवरा परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसला होता, पाठ सीटला चिकटलेली, पाय हवेत.

"अहो, असे काय बसलात?"

"वैमानिक असेच बसतात."

"तुम्ही असे कधी बसलात आयुष्यात? घरी सोफ्यावर बसता तसे बसा."

"सोफ्यावर?"

"टीव्ही बघताना. सरका खाली. आणखी. त्या क्रिकेटच्या वेळी सरकता तसे."

तेंडोलकर सरकले. कंबर पुढे गेली, पाठ गोल झाली, हनुवटी छातीवर आली. दुसरा कोणी असता तर या कसरतीत काचेखाली गडप झाला असता. पण तेंडोलकरांचं वरचं अंग देवाने सढळ हाताने केलेलं. इतकं घसरूनही डोळे काचेच्या कडेच्या वर राहिले. आणि खाली, अंधारात, खट्ट असा आवाज झाला.

"काय झालं?" चारी बाजूंनी विचारणा झाली.

"लागलं," तेंडोलकर म्हणाले.

त्यांनी डावं पेडल दाबलं. ते हललं. उजवं दाबलं, तेही हललं. तीन वर्षं ज्याला तेल घातलं होतं ते यंत्र त्यांच्या बुटाखाली मऊसूत मागेपुढे होत होतं.

"असं लोळून कोणी विमान चालवतं का?" उर्मिलाताई हसत म्हणाल्या.

"नाही चालवत," तेंडोलकर म्हणाले. "असा बसलो असतो तर पहिल्याच दिवशी हाकललं असतं." पण सरळ काही ते झाले नाहीत. पोटावर पट्टा, हनुवटी छातीवर, हातात दांडा. घरी हे ध्यान सोफ्यावर रोज दिसतं, असं ओवी शेजारणीला सांगत होती. फक्त घरी हातात रिमोट असतो.

फोटो निघाले. ते लगेच ग्रुपवर गेले आणि त्या दिवशी कितीतरी जणांनी ग्रुप अनम्यूट केला. नागेशने दारावरच्या वॉचमनला आत बोलावून दाखवलं, "देखो भाई, जहाज है, आदमी बैठा है, और कुछ नहीं." वॉचमनने पोहे घेतले.

"छाया," तेंडोलकरांनी आतून हाक मारली. आवाज लहान झाला होता. "काच लाव गं जरा. दोन मिनिटं."

"उकडेल."

"दोनच मिनिटं."

छायाताईंनी काच खाली ओढली. तिची चकाकी अशी की आतलं सगळं स्वच्छ दिसत होतं, फक्त आवाज येत नव्हता. तेंडोलकरांचे ओठ पुढे आले होते आणि थरथरत होते. इंजिन सुरू झालं असावं. मग ओठ स्थिर झाले, डोळे बारीक झाले आणि खांदे सावकाश डावीकडे कलले.

"अगं बाई, हे कुठे निघाले?" उर्मिलाताई काचेला नाक लावून म्हणाल्या.

"कुठेही जाऊ देत," छायाताईंनी पातेल्यावरचं झाकण काढलं. "पोह्यांचा वास आला की उतरतील. तुम्ही घ्या, गार होतायत."